ऑपरेशन चालू असताना कान ‘जिवंत’ आहे का हे कसं बघतात?

तारवाला_बडोदा (धागाकर्ता), रविवार रात्री

नमस्कार मंडळी. इथे मी आजवर टेलिफोन खात्याच्या जुन्या गमतीच लिहिल्या. आज मदत मागायला आलोय.

आमच्या हिला उजव्या कानाच्या आत, मेंदूला लागून गाठ निघाली आहे. अकूस्टिक न्यूरोमा. कॅन्सर नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं आणि मी चारदा विचारलं. एमआरआयमध्ये १६ मिलिमीटर.

दीड-दोन वर्षांपासून ही फोन डाव्या कानाला लावायची. माझी छत्तीस वर्षं फोनच्या खात्यात गेली आणि घरातलं माणूस रिसीव्हर कुठल्या कानाला लावतं हे मला दिसलं नाही. एका डॉक्टरांनी मळ म्हणून दोनदा कान धुऊन दिला, दुसऱ्यांनी ‘काकी, वय झालं’ म्हणून थेंब दिले. यंदा उत्तरायणला आम्ही दांडिया बाजारात मेव्हण्याच्या गच्चीवर होतो. चहूबाजूंनी ‘काय पो छे’चा कल्ला चाललेला आणि ही म्हणते, “अहो, सगळं एकाच बाजूनं का ओरडतायत?” जिना उतरताना तोल गेला, तेव्हा कुठे पुढच्या तपासण्या झाल्या.

उजव्या कानाचं ऐकणं अजून बरं आहे. ऑडिओग्राममध्ये ३५ डेसिबल (यात आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी), आणि शब्द ओळखायच्या चाचणीत १०० पैकी ८४. सर्जन म्हणतात कानामागून जाऊ, ऐकणं वाचवायचा प्रयत्न करू, आणि ऑपरेशनभर ‘बेरा’, म्हणजे कानाच्या नसेची विजेवरून करायची तपासणी, चालू ठेवू. त्यासाठी मशीन घेऊन माणूस बाहेरून येणार, त्याचे पैसे वेगळे.

मला कळत नाही ते हे. माणूस बेशुद्ध, मग ऐकतं कोण? आणि मशीनला काही दिसलं तर ते कोण कोणाला सांगतं, नि त्यावर करतात काय? बेरा टेस्ट ऑपरेशनआधी झाली होती, तेव्हा ही आरामखुर्चीत झोपून गेली होती, एवढंच मला माहीत. येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे.


सराफ्यातला_भुट्टा, रविवार रात्री

काका, काकूंना खूप शुभेच्छा. इंदुरात आमच्या ओळखीत एक ताई हेच काम करते, तिला धाग्याची लिंक धाडलीये. येईलच.


मायक्रोव्होल्ट, सोमवार पहाटे

भुट्टेराव, पहाटे पाचला लिंक पाहिली, धन्यवाद. काका, मी न्यूरोमॉनिटरिंग करते, म्हणजे तुमच्याकडे जो ‘मशीन घेऊन येणारा माणूस’ आहे, तेच काम. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

काकूंना भूल दिल्यावर दोन्ही कानांत फोमचे छोटे बोळे बसवतात, त्यातून बारीक नळी जाते. नळीच्या टोकाला हेडफोनसारखा यंत्राचा तुकडा. त्यातून ‘टक् टक् टक्’ असा आवाज सोडतो, त्याला क्लिक म्हणतात. कानावर मग मेण आणि चिकटपट्टी लावून सगळं बंद करतो, नाहीतर डोक्यावर ओतलेलं पाणी ओघळून कानात गेलं की तासभर शोधत बसा, लहर का पडली म्हणून. दुसऱ्या कानात, म्हणजे चांगल्या कानात, नुसता खरखराट सोडतो. क्लिक कवटीच्या हाडातून पलीकडे पोहोचून चांगल्या कानाने उत्तर देऊ नये म्हणून.

टाळूवर आणि दोन्ही कानांच्या पाळ्यांजवळ बारीक सुया टोचलेल्या असतात. क्लिक कानात पोहोचल्यावर कानाच्या नसेतून मेंदूच्या देठाकडे विजेचा एक ठोका जातो. पहिल्या १० मिलिसेकंदांत त्याच्या पाच ओळखीच्या लहरी दिसतात. १९७१ मध्ये जुएट आणि विलिस्टन यांनी त्यांना रोमन आकडे दिले, तेच आजही चालतात. पहिली लहर नसेच्या कानाकडच्या टोकाची. तिसरी देठात शिरल्यावरची. पाचवी त्याच्याही वरची, साधारण साडेपाच-सहा मिलिसेकंदांवर. आमचे डोळे असतात ते पाचवीवर. ती सगळ्यात ठळक, आणि ती आली म्हणजे कानापासून देठाच्या वरपर्यंत रस्ता चालू आहे.

आता ‘ऐकतं कोण’. कोणीच नाही. काकूंना काही ऐकू येणार नाही, काही आठवणार नाही. नस आणि मेंदूचा देठ आपापलं काम करत राहतात, त्यांना भूल फारशी चढत नाही. खुर्चीत झोपल्या असतानाही टेस्ट झाली ती त्यामुळेच.

अडचण एवढीच, की लहर फार छोटी असते. अर्धा मायक्रोव्होल्टसुद्धा नाही बरेचदा. मेंदूची इतर वीज तिच्या कितीतरी पट, वर स्नायू, मशीन, दिवे. म्हणून एका क्लिकवर काही दिसत नाही. हजार-दोन हजार क्लिक देऊन त्यांची सरासरी काढायची. जे प्रत्येक वेळी त्याच जागी येतं ते टिकतं, बाकीचं एकमेकांना खाऊन टाकतं.


तारवाला_बडोदा, सोमवार सकाळी

ताई, तुम्ही म्हाताऱ्याला त्याच्या घरच्या मैदानावर आणलंत. विजेच्या तारांच्या शेजारून आमची लाइन गेली की ५० सायकलची अशी घुंकार यायची की बोलणाऱ्याचा शब्द कळू नये. तुमच्याकडे ती घुंकार नाही येत? ऑपरेशन थिएटरात तर सगळंच विजेवर.


मायक्रोव्होल्ट, सोमवार दुपारी

येते ना! म्हणून क्लिक सेकंदाला २५ असे सरळ आकड्याने देत नाही. २५ दिले तर प्रत्येक क्लिक मेन्सच्या त्याच क्षणी पडेल आणि घुंकारही सरासरीत टिकून बसेल. आम्ही २१.१ असा तिरपागडा वेग ठेवतो. क्लिक आणि घुंकार यांचं जमत नाही, आणि घुंकार विरून जाते. हजार क्लिकांच्या सरासरीने गोंगाट सुमारे ३२ पट खाली येतो.

पण त्याची किंमत वेळात मोजावी लागते. सेकंदाला एकवीस क्लिक धरले तर हजारांना पाऊण मिनिटाच्या वर. म्हणजे माझ्या पडद्यावर जे दिसतं ते आत्ताचं नसतं, मागच्या मिनिटाचं असतं. सर्जनच्या हातून नस ताणली गेली तर मला ते मिनिटभराने कळणार. चांगले सर्जन हे ओळखून नाजूक जागी हात हळू करतात, मला पुढची सरासरी पूर्ण करू देतात. सगळेच करतात असं नाही, एवढंच बोलते.

घाई असेल तर दुसरा उपाय आहे. कापसाच्या वातीसारखा छोटा इलेक्ट्रोड थेट ऐकण्याच्या नसेवर ठेवायचा. तिथे ठोका मोठा मिळतो, थोड्या क्लिकांत चित्र उभं राहतं, जवळजवळ लगेच. पण तो ठेवायला नस दिसायला हवी, आणि तो कामाच्या मध्ये येतो, सरकतो. १६ मिलिमीटरच्या गाठीत जागा मिळू शकते. सर्जनना विचारा.


रोखठोक, सोमवार दुपारी

कटू बोलतो, राग नको. ही बिल फुगवायची नवी टूम आहे. आमच्या मामांच्या डोक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा असलं काही नव्हतं, आणि मामा ठणठणीत होते. पूर्वी काय ऑपरेशनं होत नव्हती?


भूलभुलैया, सोमवार रात्री

भूलतज्ज्ञ आहे, बडोद्याचाच, आता सुरतेत. रोखठोक, पूर्वीचंच सांगतो.

अमेरिकेतले मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी १९१७ मध्ये याच गाठींवर आख्खा ग्रंथ लिहिला. ते गाठ आतून पोखरायचे आणि बाहेरचं कवच तसंच ठेवायचे, कारण पूर्ण काढायला गेलं तर रोगी टेबलावरच जायचा. ऐकण्याचा प्रश्नच नव्हता, माणूस घरी परत गेला म्हणजे जिंकलं. मायक्रोस्कोप या ऑपरेशनात शिरला तो १९६० च्या दशकात. त्यानंतर चेहऱ्याची नस वाचवायची भाषा सुरू झाली. ऐकणं वाचवायची गोष्ट त्याच्याही नंतरची. आजही क्रम तोच आहे. आधी जीव, मग चेहरा, मग कान. तुमच्या मामांची गाठ कुठली होती माहीत नाही, पण डोक्याची सगळी ऑपरेशनं एका मापाने मोजू नका.

तारवालाकाका, भुलेबद्दल दोन गोष्टी. काकूंच्या गालात आणि डोळ्याजवळही सुया असतील, त्या चेहऱ्याच्या नसेसाठी. गाठ हाडाच्या ज्या नळीत आहे त्याच नळीतून ती नस जाते. तिचं काम चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालीवरून बघतात, त्यामुळे श्वासाची नळी घालून झाली की आम्ही स्नायू ढिले करणारं औषध पुन्हा देत नाही. कानाच्या लहरीला त्या औषधाने काही होत नाही, उलट स्नायू गप्प झाले तर पडदा स्वच्छ दिसतो. पण चेहरा जास्त महत्त्वाचा, म्हणून मॉनिटरिंगवाल्यांना थोडा गोंगाट सोसावा लागतो.

दुसरं म्हणजे थंडी. मेंदूवर गार सलाईन ओतलं की लहरी उशिरा यायला लागतात आणि सगळे एकमेकांकडे बघतात. सलाईन कोमट हवं. साधी गोष्ट, पण विसरली जाते.


रोखठोक, सोमवार रात्री

बरं. वाचतोय.


एककर्णी, मंगळवार सकाळी

नाशिकहून. माझी गाठ ३ सेंटीमीटरची होती, चार वर्षांपूर्वी काढली. कानाच्या आतूनच वाट केली, त्या वाटेत तो कान जाणारच असतो, मला आधीच सांगितलं होतं. मोठ्या गाठीत तसंही ऐकणं वाचायची आशा कमी, दोन सेंटीमीटरच्या पुढे ती झपाट्याने उतरते म्हणतात. भूल उतरल्यावर वाटलं होतं त्या बाजूला शांतता असेल. शांतता नव्हती, शिट्टी होती. अजून आहे. रात्री पंखा लावून झोपतो, मग तिचं काही वाटत नाही.

काका, तुम्ही मशीनबद्दल विचारताय ते ठीकच. पण त्याच्याआधीचा एक प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, तो मी तुम्हाला विचारतो. लहर पडली तर काय करायचं, हे तुमचं ठरलंय का? पडद्यावर काही दिसलं तरी सर्जनसमोर रस्ते दोनच. थांबायचं आणि चिकटलेला तुकडा मागे ठेवायचा, किंवा पुढे जायचं आणि कान सोडायचा. तेव्हा काकू झोपलेल्या असतील आणि तुम्ही बाहेर बाकावर.


मायक्रोव्होल्ट, मंगळवार दुपारी

एककर्णी, तुमचा हा प्रतिसाद मी आमच्या टीमला वाचून दाखवला.

थोडी भर घालते. मधल्या मधल्या पायऱ्याही असतात. पाचवी लहर एक मिलिसेकंद उशिरा यायला लागली किंवा तिची उंची निम्मी झाली की आम्ही मोठ्याने सांगतो. मी तर अर्ध्या मिलिसेकंदालाच कुरकुर सुरू करते. बहुतेक वेळा कारण असतं मेंदू बाजूला धरलेली पट्टी. लहान मेंदू बाजूला सरकला की नस ताणली जाते. पट्टी सैल केली, पाच-दहा मिनिटं हात थांबवले, की लहर परत येते. असं परत येणं मी पुष्कळदा पाहिलंय.

पहिली लहरसुद्धा एकदम नाहीशी झाली, तर मात्र पोटात गोळा येतो. म्हणजे आतल्या कानाला रक्त पोहोचवणारी केसाएवढी रोहिणी आक्रसली असावी. तिच्यावर पापॅव्हरिनचा, म्हणजे रोहिणी सैल करणाऱ्या औषधाचा, बोळा ठेवतात, वाट बघतात. पहिली आहे पण पाचवी नाही, तर अडचण नसेत, कानाच्या पुढे. एवढं तरी पडदा सांगू शकतो. थांबायचं की नाही, हे तो सांगत नाही. ते एककर्णी म्हणतात तसं आधी ठरलेलं असावं लागतं.


पोहे_जिलबी, मंगळवार दुपारी

गॅमा नाइफबद्दल कुणी बोललं नाही. चाकू न लावता होतं ना?


तारवाला_बडोदा, मंगळवार रात्री

गॅमा नाइफ त्यांनी सांगितलं होतं, आणि नुसतं दर सहा महिन्यांनी एमआरआय करून वाट बघणंही सांगितलं होतं. किरणांनी गाठ जात नाही, वाढायची थांबते, आणि ऐकणं पुढे वर्षांनुवर्षं हळूहळू उतरू शकतं, असं समजावलं. हिला गाठ डोक्यात ठेवून जगायचं नाही. जिन्यावरून पडल्यापासून ती हट्टालाच पेटली आहे. त्यावर वाद इथे नको, आमचा घरात झाला आहे पुरेसा.

आज सर्जनकडे गेलो ते एककर्णींचा प्रश्न कागदावर लिहून. मी विचारायच्या आत त्यांनीच हिला विचारलं, “काकू, मशीनवाला म्हणाला लहर पडतेय, आणि शेवटचा तुकडा नसेला चिकटलाय, तर मी काय करू?” मी तोंड उघडलं होतं. मला वाटत होतं म्हणावं, तुकडा राहू द्या, कान वाचवा. हिने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, “थांबा, वाट बघा, जेवढं थांबता येईल तेवढं थांबा. पण राहू देऊ नका. कान दोन आहेत, डोकं एकच आहे, ते मी पुन्हा उघडू देणार नाही.”

मी रिक्षात बोललो नाही. रावपुऱ्यात आल्यावर म्हणालो, निदान मला विचारायचंस. ती म्हणाली, “तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही रडला असतात.” चूक नव्हतं.


सराफ्यातला_भुट्टा, मंगळवार रात्री

काकू ग्रेट आहेत.


कमाटीबागेतला_मोर, बुधवार

काका, मी पण बडोद्याचा, कारेलीबागेत राहतो. गुरुवारी रक्त लागलं, डबा लागला, रात्री बसायला माणूस लागला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. संकोच नको.


तारवाला_बडोदा, शुक्रवार पहाटे

झालं. काल सकाळी आठला आत नेलं, साडेचारला बाहेर. आयसीयूत आहे. डोळे उघडले, माझं नाव घेऊन सलाईनची नळी काढायला सांगितली. वॉर्डबॉय मला म्हणतो, “काका, टेन्शन नई लेवानुं, काकीए मने बी खखडावी नाख्यो.” म्हणजे त्यालाही झापलंय. मोर, डब्याबद्दल आभार, तुमच्या आईच्या हातची आमटी खूप दिवसांनी इतकी चांगली खाल्ली.

बाकीचं नंतर.


तारवाला_बडोदा, सोमवार

ताईंसाठी. मॉनिटरिंगवाला मुलगा भला होता, वॉर्डात येऊन त्याने मला कागदांची चळत दाखवली. मी ऑसिलोस्कोपसमोर आयुष्य काढलेलं, त्यामुळे त्यालाही समजवायला मजा आली असावी.

सुरुवातीला पाचवी लहर ६.४ मिलिसेकंदांवर. म्हणे गाठीमुळे आधीच उशिरा. कवटी उघडल्यावर ६.६. पट्टी लावून गाठीकडे जाताना वाढत वाढत ७.३ झाली. तेव्हा त्याने सांगितलं, सर्जननी पट्टी सैल केली, आणि सात-आठ मिनिटांत ती ६.८ वर आली. तो कागद त्याने मला काढून दिला, मी घरी जपून ठेवलाय.

मग हाड कोरायचं काम. नळीचं मागचं हाड ड्रिलने काढतात. त्या वेळी ड्रिलचाच आवाज कानात शिरतो, लहर दिसतच नाही. जवळजवळ अर्धा तास तो आंधळा होता. ट्रंक लाइन खोदणाऱ्याच्या कुदळीखाली आहे आणि आपण इकडे ‘हॅलो हॅलो’ करतोय, तसंच.

नळीच्या आत गाठ सोडवताना लहर खुजी होत गेली. थांबले, दहा मिनिटं. कोमट सलाईन, पापॅव्हरिन. आली परत, ७.५ वर, अगदी पुसट. शेवटचा तुकडा नसेला चिकटलेला होता. त्याला हात लावल्यावर पाचवी गेली. पहिली राहिली. परत थांबले, पंधरा मिनिटं. नाही आली.

मग सर्जननी मोठ्याने विचारलं म्हणे, “काकूंचं काय ठरलंय?” कागदावर लिहिलेलं होतं. त्यांनी तुकडा काढला.

चेहऱ्याची नस शेवटी ०.०५ मिलिअँपिअरला उत्तर देत होती. म्हणजे उत्तम, असं तो म्हणाला.


रोखठोक, सोमवार

काकूंची तब्येत बरी आहे हे वाचून खरंच बरं वाटलं. पण मुद्दा तोच, काका. लहर शेवटी गेलीच. मग मशीनचे पैसे कशासाठी?


मायक्रोव्होल्ट, मंगळवार सकाळी

रोखठोक, प्रश्न योग्य आहे, आमच्या क्षेत्रातही विचारतात.

पट्टीच्या वेळी ७.३ ला कुणी बोललं नसतं, तर लहर कदाचित तिथेच गेली असती, गाठीला हात लागायच्याही आधी. मग शेवटचा तुकडा निघेपर्यंत कुणाला वाटलं असतं की नस अजून आहे. काकूंनी सांगितलेलं ‘थांबा, वाट बघा’ हे करता आलं ते कुणीतरी मिनिटामिनिटाला ‘आली, नाही आली’ सांगत होतं म्हणून. नाहीतर किती थांबायचं आणि कशासाठी?

तरी एक कबूल करते. मॉनिटरिंग आहे म्हणून कान वाचतो, असं रोग्याला सांगणारे लोक असतात, आणि ते चूक आहे. सगळं वेळेवर सांगूनही लहर जाते, कधी एकदम जाते, सांगायलाही वेळ मिळत नाही. गाठ छोटी, आधीचं ऐकणं चांगलं, आधीच्या बेरात लहरी सुबक, हे सगळं जुळलं तर पारडं जरा आपल्या बाजूला झुकतं.

काका, दुसरं महत्त्वाचं. पाचवी गेली म्हणजे कान गेला, असं लगेच धरू नका. ती लहर दिसायला नसेतले हजारो तंतू एकाच क्षणी पेटावे लागतात. ताल सुटला की लहर पुसली जाते, पण आवाज थोडाफार पोहोचू शकतो. पहिली शाबूत आहे म्हणजे आतल्या कानाला रक्त मिळतंय. सहा आठवड्यांनी ऑडिओग्राम करा, तोवर त्या कानाच्या परीक्षा घरी घेऊ नका. मला माहितीये तुम्ही घेताय.


तारवाला_बडोदा, मंगळवार रात्री

घेत होतो. घड्याळ कानाशी धरून. बंद करतो.


एककर्णी, बुधवार

काका, नंतरचा प्रश्न दिशेचा येईल. एका कानाने आवाज कुठून आला ते कळत नाही, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायची सवय करा. लग्नाच्या पंगतीत कोपऱ्याची खुर्ची पकडायची, चांगला कान लोकांकडे करून. आणि चक्कर आली तरी अंथरुणात पडून राहू देऊ नका. चालवा. मेंदू तोल नव्याने शिकतो, पण चालल्याशिवाय नाही.


तारवाला_बडोदा, सहा आठवड्यांनी

धागा वर आणतोय.

ऑडिओग्राम झाला. ३५ चे ५५ डेसिबल झाले. शब्दांमध्ये ८४ चे ४०. ऑडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या, ५० डेसिबलच्या आत आणि ५० टक्क्यांच्या वर ऐकणं असेल तर आम्ही कामाचं म्हणतो, हे दोन्हीकडून बाहेर आहे. पण आहे. शून्य नाही. हिचं म्हणणं, “पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलतंय असं वाटतं. बोलणं येतं, शब्द सुटत नाहीत.” ताई, तुमचा ताल सुटण्याचा दाखला मी त्या बाईंना सांगितला, त्यांनी मान डोलावली.

पहिले आठ दिवस उजवा डोळा नीट मिटत नव्हता, थेंब आणि रात्री पट्टी लावत होतो. आता मिटतो. हसली की तोंड सरळ आहे. पाठवलेली गाठ साधीच निघाली.

सकाळी कमाटीबागेत नेतो. सरळ चालते छान, मान वळवली की अजून झोकांडी जाते, मग माझा दंड धरते. मी आता नेहमी तिच्या डाव्या बाजूला चालतो. चाळीस वर्षं उजव्या बाजूला चाललो, त्यामुळे अजून अधूनमधून चुकून तिकडे जातो, बोलत राहतो, आणि बऱ्याच वेळाने कळतं की ऐकणारं कुणी नाही. मंदिरातल्या बायका तिला म्हणतात, बिचारी, कान गेला. ती म्हणते, अर्धा गेला, आणि तोही नवऱ्याच्या बाजूचा.

चांगल्या कानाकडे आवाज पोहोचवणारं एक मशीन असतं, क्रॉस म्हणतात, त्याची ट्रायल घेतली. हिने दोन तास लावलं आणि कपाटात ठेवलं. बघू.


भूलभुलैया, त्याच रात्री

चेहरा सरळ आणि गाठ पूर्ण बाहेर. मी माझ्या भाषेत याला चांगला निकाल म्हणतो, काका. सुरतेला आलात तर घरी या.


नवीन_पाखरू, दोन दिवसांनी

नमस्कार, नोंदणी आजच केली. माझ्या आईची गाठ २.८ सेंटीमीटर, त्या कानाचं ऐकणं आधीच ८० डेसिबल, शब्द जवळजवळ कळत नाहीत. धागा पूर्ण वाचला. आम्हीही ऐकण्याचं मॉनिटरिंग हवंच असा आग्रह धरावा का?


मायक्रोव्होल्ट, दोन दिवसांनी

बेरा झाला असेल तर त्याचा कागद बघा. एवढ्या ऐकण्यावर त्या बाजूला पाचवी लहर बहुधा नसेलच. सुरुवातीलाच लहर नसेल तर ऑपरेशनमध्ये लक्ष ठेवायला काही उरत नाही, त्यासाठी आग्रह धरू नका. चेहऱ्याच्या नसेचं मॉनिटरिंग आहे ना, हे मात्र नक्की विचारा. आणि आईचा दुसरा कान तपासला आहे का? तो कसा आहे त्यावर पुष्कळ अवलंबून असतं.


नवीन_पाखरू, दोन दिवसांनी

दुसरा कान चांगला आहे. बेराचा कागद शोधते, बहुतेक भावाकडे आहे. खूप आभार, ताई. तारवालाकाका, तुम्ही ऑपरेशनआधी सर्जनना जे प्रश्न लिहून नेले होते तो कागद इथे टाकाल का?


तारवाला_बडोदा, दोन दिवसांनी

एकच प्रश्न होता, एककर्णींचा. तो वर आहे, मंगळवार सकाळचा. आईला विचार, बाळ, आणि भावाने उत्तर द्यायच्या आत विचार.

बाकी उद्या लिहितो. ही आतून हाका मारतेय, तिसरी हाक आहे, आणि माझे तर दोन्ही कान धड आहेत.